चूक सापडली आहे, सरांना सांगू का?

मॅडम, मी २२ वर्षांची, मूळची बार्शीची. सीएच्या इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले आणि पुण्यात एका छोट्या फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करतेय. भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्या क्लायंटचं जीएसटी माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात पर्चेस रजिस्टर चाळताना लक्षात आलं, की ऑगस्ट २०२५ मध्ये एकच बिल दोनदा पडलंय. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवरून आणि एकदा हार्ड कॉपीवरून. बिल २,४०,००० चं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४३,२०० चं इनपुट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) दोनदा घेतलं गेलं. थ्रीबी, म्हणजे त्या महिन्याचं जीएसटी रिटर्न, मीच तयार केली होती. सिनिअर आर्टिकल म्हणाला, ‘गप्प बस, अ‍ॅन्युअल रिटर्नला बघू. सरांना कळलं तर क्लायंट तुझ्याकडून काढून घेतील.’ तेव्हापासून धड झोप नाही. एरवी दिवसभर व्हाउचिंग (खर्चाच्या पावत्या तपासणं), बँक रिको (हिशेब बँकेशी जुळवणं) आणि बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे शिल्लक बरोबर आहे का हे विचारणाऱ्या पत्रांची, पाकिटं. माझी मैत्रीण मुंबईत मोठ्या फर्ममध्ये आहे, ती लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटला जाते. मी इथे काय शिकतेय? सरांना सांगू का? की हे क्षेत्रच माझं नाही? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

— एक आर्टिकल, पुणे

सांग. आणि याच आठवड्यात सांग. उत्तर छापून येईपर्यंत २० डिसेंबर उलटून जायला नको, म्हणून एवढं तुला मेलवर आधीच कळवलं आहे. आता सांगण्याआधी काय काय बघून ठेवायचं आणि कसं सांगायचं ते सविस्तर लिहिते, कारण अशी एखादी एंट्री उराशी धरून बसलेली मुलं बरीच असतात.

सरांच्या केबिनमध्ये रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या सप्लायरचं लेजर (खातं) उघड. बिल दोनदा पडलंय म्हणजे त्याला २,८३,२०० रुपये जास्तीचे देणं लागतो असं दिसत असणार. ते बघून क्लायंटच्या अकाउंटंटने दुसऱ्यांदा पैसे सोडले नाहीत ना? सरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असेल. इनपुट सरकारला परत करणं आपल्या हातात असतं, पण सप्लायरकडे जास्तीचे गेलेले पैसे परत आणायला क्लायंटला त्याच्या मागे फिरावं लागतं. ऑगस्टपासूनचं बँक स्टेटमेंट घे आणि त्या नावाचं प्रत्येक पेमेंट बिलाशी लावून बघ.

मग जीएसटी पोर्टलवरून क्रेडिट लेजर, म्हणजे शिल्लक इनपुटचं खातं, काढ. चुकून घेतलेल्या इनपुटवर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं, पण ते क्रेडिट नुसतं घेतलं म्हणून लागत नाही, वापरलं गेलं तरच लागतं. ऑगस्टची थ्रीबी भरल्यापासून आजपर्यंत लेजरमधली शिल्लक ४३,२०० च्या खाली कधी गेली का, ते बघ. कधीच गेली नसेल तर व्याज शून्य. त्याच रिटर्नमध्ये वापरलं गेलं असेल, तर २० सप्टेंबर ते २० डिसेंबर हे ९१ दिवस धर. दिवसाला २१ रुपये ३० पैसे पडतात, म्हणजे साधारण १,९४० रुपये. मधल्याच एखाद्या महिन्यात शिल्लक खाली गेली असेल, तर तिथून पुढचे दिवस मोज. ज्या चुकीने तुझी झोप उडवली आहे तिची किंमत मूळ ४३,२०० आणि वर हे व्याज, एवढीच आहे. कागदावर आकडा मांडलास की भीतीला निदान एक माप येईल.

दुरुस्तीही सरळ आहे. थ्रीबी रिवाइज होत नाही, पण आधीच्या महिन्यात चुकून जास्त घेतलेलं इनपुट पुढच्या थ्रीबीत चार नंबरच्या टेबलमध्ये रिव्हर्स (परत) करता येतं. नोव्हेंबरची थ्रीबी २० डिसेंबरला आहे, म्हणजे संधी समोरच आहे. कर आणि व्याज नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलं, तर साध्या चुकीला दंड लागत नाही. जीएसटी कायद्यातलं, २०२४-२५ पासूनच्या वर्षांना लागू असलेलं ७४ए कलम काढून वाच, म्हणजे सरांसमोर बोलताना अंदाजाने बोलावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण तिला घाई आहे. १५ डिसेंबरला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता आहे, तोपर्यंत वर्षाच्या अंदाजे कराच्या ७५ टक्के भरलेलं असावं लागतं. हा अंदाज टॅलीतल्या नफ्यावरूनच काढणार असाल, तर खरेदी २,४०,००० ने फुगलेली आहे आणि नफा तेवढाच कमी दिसतो आहे. क्लायंटची कॅश क्रेडिट (बँकेकडून मालावर मिळणारी उचल) असेल तर बँकेला दर महिन्याला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही क्रेडिटर्स, म्हणजे सप्लायरची देणी, जास्त दाखवले गेले असतील आणि त्या प्रमाणात त्याची ड्रॉइंग पॉवर (उचलता येणारी रक्कम) कमी धरली गेली असेल. हे सगळं त्या एका एंट्रीने केलं. सरांना फक्त जीएसटीचं सांगून उठू नकोस, ती एंट्री जिथे जिथे पोचली तिथवर सांग.

हे सगळं एका पानावर उतरव. कोणतं बिल, कसं पडलं, कधी सापडलं, पेमेंट एकदाच झालं की दोनदा, क्रेडिट वापरलं गेलं का, व्याज किती, आणखी कुठे परिणाम, आणि काय करावं असं तुला वाटतं. मग सकाळी सर आल्याआल्या, फोन सुरू व्हायच्या आत, आत जा आणि उभ्या उभ्या म्हण: ‘सर, पाच मिनिटं हवीत. भोसरीच्या क्लायंटचं ऑगस्टमधलं एक बिल माझ्याकडून दोनदा पडलं, त्यात ४३,२०० चं इनपुट जास्त गेलंय. मागच्या आठवड्यात मला सापडलं. पेमेंट एकदाच झालंय, ते बघितलं. क्रेडिट वापरलं गेलंय, व्याज अंदाजे १,९४० होतं. नोव्हेंबरच्या थ्रीबीत रिव्हर्स करू का?’ अर्थात लेजर बघून जे निघेल तेच बोल. सॉरी एकदा म्हण, पण पुन्हा पुन्हा म्हणत बसू नकोस. आणि सिनिअर गप्प बस म्हणाला होता, हे त्यात आणू नकोस. विषय एंट्रीचा आहे, तो तिथेच राहू दे.

सर चिडतील का? चिडू शकतात. डिसेंबर आहे, ड्यू डेट्स एकावर एक आल्या आहेत, आणि क्लायंटला फोन त्यांनाच करावा लागणार आहे. कदाचित दोन-तीन महिने तो क्लायंट तुझ्याकडून काढतीलही. ते सोसावं लागलं तर सोस. पण फर्म चालवणाऱ्या माणसाच्या जागेवरून बघ. तो दिवसाला किती रिटर्नं स्वतः उघडून बघू शकेल? त्याला आपल्या माणसांच्या सांगण्यावर विसंबावंच लागतं. बिल दोनदा पडणं हे प्रत्येक ऑफिसमध्ये घडतं. ते सापडल्यावर पान घेऊन समोर येणारा आर्टिकल मात्र सरांच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या वेळी नाजूक काम देताना त्याचंच नाव आधी सुचतं.

समजा सरच म्हणाले, ‘सोड गं, कोण बघतंय’, तर वाद घालू नकोस. तेच पान त्यांना मेल करून ठेव, साध्या भाषेत, आकड्यांसह. पुढचा निर्णय त्यांचा आणि क्लायंटचा. तुला कळलेलं तू कळवलंस, याची नोंद राहिली की तुझं काम झालं.

आता सिनिअरच्या सल्ल्याकडे येते. तो वाईट मुलगा आहे असं मला वाटत नाही. त्याने बहुधा स्वतः कधीतरी बोलणी खाल्ली असतील. पण सल्ला चुकीचा आहे. २०२५-२६ चं अ‍ॅन्युअल रिटर्न ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरायचं असतं. तोवर थांबलं आणि व्याज सुरू असलं, तर आणखी सुमारे ८,००० रुपये क्लायंटच्या खिशातून जातील, आणि तेही आपल्या ऑफिसने तोंड उघडलं नाही म्हणून. शिवाय टूबीपेक्षा (सप्लायरने दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं ती इनपुटची यादी) थ्रीबीत घेतलेलं इनपुट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर पोर्टल स्वतःहून डीआरसी-०१सी, म्हणजे त्या फरकाची विचारणा, काढतं. ते पोर्टलवर येतं आणि क्लायंटच्या ईमेलवरही जातं. उत्तराला सात दिवस मिळतात. तेव्हा क्लायंट सरांना फोन करून विचारेल, ‘साहेब, हे काय आलंय?’ सरांना ही गोष्ट त्या फोनवरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळणं कितीतरी बरं.

अशा वेळी ऑफिसात आणखी एक वाट सुचवली जाते: गुपचूप ती एंट्री डिलीट कर, किंवा मागच्या तारखेची एखादी उलटी एंट्री टाकून जुळवून घे. त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. क्लायंट कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू असणं बंधनकारक आहे; कोणी, कधी, काय बदललं ते त्यात राहतं. आणि कायद्याचंही माहीत असू दे. भारतीय न्याय संहितेच्या ३४४ कलमात हिशेब खोटे करण्याबद्दल सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि त्यात मालकाचं नाव नाही, कारकून, अधिकारी आणि नोकर यांचीच नावं आहेत. घाबरू नकोस, तुझी चूक त्या कलमाच्या जवळपासही जात नाही. तिथे फसवण्याचा हेतू लागतो. पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत ‘साहेबांनी सांगितलं म्हणून टाकली’ या एका वाक्यावर किती मुलं खोट्या बिलांच्या एंट्र्या टाकतात! पुढे प्रकरण निघालं, की तेच वाक्य त्यांच्या काही उपयोगाचं राहत नाही. हे मला सगळ्याच मुलांना सांगायचं आहे, आर्टिकल असोत की बीकॉम होऊन एखाद्या कारखान्यात अकाउंटंट म्हणून लागलेले असोत. ज्या एंट्रीमागचा कागद तू पाहिला नाहीस, ती टाकू नकोस. कागद मागितला म्हणून राग येणाऱ्या मालकाकडे फार काळ राहू नये.

पुन्हा असं होऊ नये यासाठीही बोलते, कारण ‘नीट लक्ष दे’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. तुझ्या पत्रात नाही, पण माझा अंदाज सांगते: पीडीएफवरून टाकताना बिल नंबर पूर्ण लिहिला गेला असेल, ‘एसई/१४५/२५-२६’ असा काहीतरी, आणि हार्ड कॉपीवरून टाकताना नुसता ‘१४५’. नंबर वेगळा दिसला की सॉफ्टवेअरला ती दोन बिलं वाटतात. म्हणून थ्रीबीच्या आधी पर्चेस रजिस्टर एक्सेलमध्ये घे आणि बिल नंबर बाजूला ठेवून जीएसटीआयएन (सप्लायरचा जीएसटी नंबर), तारीख आणि रक्कम या तिन्हींवर डुप्लिकेट शोध. दहा मिनिटांचं काम आहे. आणि टूबीशी मिळवल्याशिवाय इनपुटचा आकडा भरू नकोस. जानेवारी २०२२ पासून टूबीत न दिसणारं इनपुट घेताच येत नाही. दुसरं बिल टूबीत नव्हतंच, तरी आकडा पुढे गेला, याचा अर्थ त्या महिन्यात मिळवणी झालीच नाही. ती का झाली नाही हे आठवून बघ. ११ तारखेच्या, विक्रीचं रिटर्न भरण्याच्या गडबडीनंतर टूबी १४ ला येते आणि मधले दिवस दुसऱ्याच कामात जातात, असं असेल तर सरांना सांगून १५ ते १८ हे दिवस या कामासाठी मोकळे ठेवून घे. शिवाय तू तयार केलेलं रिटर्न भरण्याआधी दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं. तुझ्या फर्ममध्ये ते होत नाही हे दिसतंच आहे. पण ही मागणी त्याच बैठकीत करू नकोस, नाहीतर दोष ढकलल्यासारखं वाटेल. पुढच्या महिन्यात थ्रीबीचं वर्किंग काढून स्वतःच म्हण, ‘सर, भरण्याआधी एकदा नजर टाकता का?’

आता तुझं ‘मी काय शिकतेय’. कन्फर्मेशनच्या पाकिटांचंच घेऊ. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली रोख आणि बँक शिल्लक तब्बल ५,०४० कोटींनी फुगवलेली आहे. एवढी मोठी खोटी शिल्लक ऑडिटमधून वर्षानुवर्षं सुटली कशी? २०११ मध्ये अमेरिकी नियामकांनी ऑडिटरवर कारवाई केली तेव्हा त्यात एक मुख्य बोट याच कामावर ठेवलेलं होतं. बँकांना जाणारी कन्फर्मेशन पत्रं आणि त्यांची उत्तरं ऑडिटरने आपल्या ताब्यात ठेवलीच नाहीत, ती कंपनीच्या हाती सोडली. तू ज्याला पाकिटं म्हणतेस तेच हे काम. उद्या क्लायंटचा माणूस म्हणाला, ‘द्या मॅडम, मी टाकतो पोस्टात’, तर हसून नाही म्हण, स्वतः टाक, आणि उत्तर थेट तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर येईल असं बघ. उत्तर आलं नाही तर कोरी जागा सोडू नकोस, दुसरं काय तपासलं ते लिही.

व्हाउचिंगचंही तसंच. सिनिअर म्हणतो म्हणून न बघता टिका मारत गेलीस तर खरंच काही शिकणार नाहीस. प्रत्येक व्हाउचरला एवढंच विचार, की हा खर्च या धंद्याला का लागला? फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डिंग रॉड किती लागतात, गॅस सिलिंडर महिन्याला किती येतात, जॉबवर्कला माल बाहेर जातो तेव्हा चलनावर काय असतं, हे क्लायंटच्या स्टोअरकीपरजवळ अर्धा तास उभं राहून विचार. ती माणसं आनंदाने सांगतात. मग जो खर्च विसंगत आहे तो तुला आपोआप खटकायला लागेल.

मैत्रिणीशी तुलना होणं स्वाभाविक आहे. मोठ्या फर्ममध्ये कागदपत्रं ठेवण्याची आणि काम तपासून घेण्याची शिस्त लागते, ती तुझ्याकडे कमी आहे, हे मान्य. ती शिस्त स्वतः लावून घ्यावी लागेल. पण मोठ्या ऑडिटमध्ये आर्टिकलच्या वाट्याला पुष्कळदा एखादंच क्षेत्र येतं, महिनाभर फिक्स्ड अ‍ॅसेट्स नाहीतर महिनाभर डेटर्स (ग्राहकांकडची येणी). एका बिलापासून जीएसटी, सप्लायर, बँक आणि आयकर इथपर्यंतची साखळी तू या एका चुकीत बघितलीस, ती तिला कदाचित बघायला मिळणार नाही. स्टायपेंडची तुलना करू नकोस, त्यातून काही निष्पन्न होत नाही. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा कायदा येतो आहे, तेव्हा कलमांचे नंबर सरांनाही नव्याने पाठ करावे लागतील. छोट्या ऑफिसात जो आर्टिकल तो आधी वाचून बसेल, त्याला सगळे विचारायला येतील.

हे क्षेत्र तुझं आहे का? ते रजिस्टर तुला कोणी चाळायला सांगितलं होतं? पत्रावरून तरी वाटतं, की तू स्वतःहून बसलीस, तुला बिल खटकलं आणि तू त्याचा माग काढलास. या कामासाठी जी नजर लागते ती हीच. तुला भीती आकड्यांची नाही, सरांची आहे, आणि ती एका सकाळी संपेल. बाबांना मात्र सगळं खरं सांग. त्यांना पोरीचा उतरलेला आवाज फोनवर ऐकू येतोय आणि उपाय म्हणून बँक सुचतेय. बँकेची नोकरी चांगली आहे, पण असा निर्णय झोप न झालेल्या महिन्यात घेऊ नये. आर्टिकलशिपची दोन वर्षं होऊ दे, त्यानंतर फायनलच्या आधी सहा महिने मिळतात, तेव्हा शांतपणे ठरव. तोवर अभ्यासिकेत रोज दीड-दोन तास बसलीस तरी पुष्कळ; ड्यू डेटच्या आठवड्यात बसणं झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. सरांशी बोलून झाल्यावरही पंधरा दिवस झोप आली नाही, तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

क्रेडिट लेजर काढलंस की शिल्लक कोणत्या तारखेला किती खाली गेली होती, तेवढं मला मेलवर कळव. व्याजाचा आकडा मीही एकदा मोजून देते, म्हणजे सरांसमोर जाताना तो दोनदा तपासलेला असेल.